‘अर्ज देऊन जा’: एफआयआर, तांबे निकाल आणि अकोल्याचे 28 महिने

मागच्या उन्हाळ्यात आमच्या काकाजींच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. मोझरीहून ते एका ठाण्यात गेले. तिथं सांगितलं, “अर्ज देऊन जा ना काका, पाहू आपण.” काकाजींनी अर्ज दिला. घरी आल्यावर मला म्हणाले, “केस झाली.” झाली नव्हती.

माझ्या पीएच.डी.चा अर्धा विषय या एका वाक्यात आहे. अर्ज वेगळा, एनसी वेगळी, एफआयआर वेगळा. अर्ज फाईलला लागतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. तपासाचं चाक फिरतं ते एफआयआरने. आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी निकालात 12 नोव्हेंबर 2013 ला स्पष्ट सांगितलं.

मग नोंदवला नाही तर काय? आज मला ज्या निकालाबद्दल बोलायचं आहे तो इथेच येतो: सुधीर तांबे विरुद्ध हेमंत ढगे. प्रकरण महाराष्ट्रातलंच, निकालसंग्रहात 2016 साली आलेलं. त्याआधीच्या साकिरी वसू (2008) निकालाचा आधार घेऊन न्यायालय म्हणतं, एफआयआर घेत नसतील तर उच्च न्यायालयात रिट करू नका, दंडाधिकाऱ्याकडे जा. कारण असं की उच्च न्यायालयांनी अशा याचिका घ्यायला सुरुवात केली तर त्यांना दुसरं काही कामच उरणार नाही.

हे कारण मला पटत नाही. म्हणजे, निष्कर्ष पूर्ण चुकीचा आहे असं नाही. मोझरीच्या माणसाला नागपूर खंडपीठापेक्षा तालुक्याचं कोर्ट जवळच आहे. पण याचिकांचा पूर येईल असं न्यायालयाला वाटतं, याचाच अर्थ नकारही पुरासारखे आहेत. पूर का येतो हे निकाल विचारत नाही, फक्त पाण्याला दुसरी वाट काढून देतो.

आणि ती वाट वर्षागणिक अरुंद झाली. प्रियंका श्रीवास्तव (2015) निकालाने दंडाधिकाऱ्याकडच्या अर्जाला प्रतिज्ञापत्र जोडणं आवश्यक केलं. त्यामागे खरं कारण होतं: एक कर्जदार बँकवाल्यांवर एकामागून एक तक्रारी करत सुटला होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हे सगळं कायद्यातच लिहिलं. कलम 173(4) नुसार आधी पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने कळवायचं, मग दंडाधिकारी. कलम 175(3) नुसार दंडाधिकारी प्रतिज्ञापत्र पाहणार, गरज वाटली तर चौकशी करणार, आणि पोलीस अधिकाऱ्याचं म्हणणंही विचारात घेणार. म्हणजे ज्यांनी दार लावलं, त्यांनाच विचारायचं की दार उघडू का?

शिवाय कलम 173(3). तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षकांच्या परवानगीने, 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. साधी चोरी यात बसते. त्यातही 5000 रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र. त्यामुळे मोटरची किंमत ठाण्यात कोण आणि किती लिहितो, यावर पुढचं सगळं ठरतं. बिल सोबत न्या, हा माझा पहिला सल्ला.

आता अकोला. 13 मे 2023 ला जुन्या शहरात दंगल झाली, एक माणूस मारला गेला. 17 वर्षांच्या एका मुलाचं म्हणणं होतं की त्याने तो हल्ला पाहिला आणि त्यालाही मारहाण झाली. अधीक्षकांपर्यंत तक्रार गेली, एफआयआर झाला नाही. नागपूर खंडपीठाने 2024 मध्ये याचिका फेटाळली. 11 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमायला सांगितलं, कसूर करणाऱ्या पोलिसांवर कारवाईही सांगितली. पथकात दोन्ही धर्मांचे अधिकारी असावेत, या भागावर पुढे पुनर्विलोकन मागितलं गेलं आणि त्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. चर्चा सगळी त्याचीच झाली. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: तांबे निकाल काटेकोर लावला असता तर या मुलाला उत्तर मिळालं असतं, “दंडाधिकाऱ्याकडे जा.” न्यायालयाने ते दिलं नाही. पण कोणत्या प्रकरणात शिडी सोडून थेट वर यायचं, याचा निकष काही हाती लागत नाही. मुलाला एका नोंदीसाठी 28 महिने लागले.

माझं म्हणणं एवढंच: नकार देणाऱ्याला काही किंमत मोजावी लागत नाही, तोवर उपायांची शिडी कितीही लांब केली तरी उपयोग नाही. महिलांवरच्या ठराविक गुन्ह्यांत माहिती न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम 199 खाली किमान सहा महिने कैद आहे. मोटरचोरीत तसं काही नाही.

तोवर हातात काय? अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. पोच दिली नाही तर अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. मग प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकारी. तेही नको असेल तर कलम 223 खाली थेट खाजगी तक्रार.

काकाजींकडे पोच नव्हती. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पहिला अर्ज सापडत नव्हता.