एका दिवसांतला मेळघाट

अमरावतीहून सकाळीं निघून सायंकाळीं परतणाऱ्यांचीं मेळघाटवर्णनें आम्हीं पुष्कळ वाचलीं आहेत. त्यांत चिखलदऱ्याचें धुकें, सागाचें रान हुबेहूब उतरतें. कोरकूंचें गांव मात्र चित्रासारखें मुकें! समोरासमोरच्या घरांच्या दोन रांगा लेखकाला दिसतात, पण मधल्या वाटेवरचें बोलणें त्यास मराठीचीच एखादी ओबडधोबड बोली वाटते. वास्तविक कोरकू ही मुंडा कुळांतली, संताळीची सगोत्र भाषा. ग्रियर्सनच्या भाषापाहणींत, १९०६ च्या चौथ्या खंडांत, तिचें वर्णन आहे. १९७४ च्या सुमारास व्याघ्रप्रकल्प झाला, पुढें त्यापायीं कांहीं गांवें उठलीं. त्याविषयीं एक ओळ नाहीं. तीस वर्षें अमरावतींत शिकवूनही आम्हांस कोरकूचीं दहा वाक्यें येत नाहींत, म्हणून हा दोष एकट्या प्रवाशाच्या माथीं मारवत नाहीं.