‘जय भीम कॉम्रेड’ आणि आपल्यातले पोलीस

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ आपल्यातल्या पुष्कळांनी नावानंच ऐकलाय. तीन तासांच्या वरचा सिनेमा. मी भातगिरणीत पोती उचलणारा माणूस. दोन सुट्ट्या घातल्या आणि दोनदा बघितला. आता बोलतो.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला. लोक रस्त्यावर आले. राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला, डोक्याला निळं फडकं बांधून. घोगरे डाव्यांच्या कलापथकात गायलेला माणूस. तिथून निघालेला कॅमेरा चौदा वर्षं वस्त्यांतून फिरतो आणि पुण्याच्या कबीर कला मंचाशी पोचतो.

ही मंचाची पोरं आपल्याच वयाची. त्यांच्या हातात डफ. सरकारला भीती वाटली ती त्या डफाची. २०११ साली नक्षलवादाचा शिक्का बसला, यूएपीए लागला. काही आत गेले, काही भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ ला शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. त्याच साली मंचाच्या काही जणांना जामीन देताना हायकोर्टानं म्हटलं, की समाजातला अन्याय दाखवला, बदल पाहिजे म्हटलं, एवढ्यावरून कुणी बंदी असलेल्या संघटनेचा सभासद ठरत नाही. तरी २०२० साली भीमा कोरेगावच्या केसमध्ये मंचाचे तिघं पुन्हा आत गेले. आणि जुलै २०२५ मध्ये विधानसभेनं जनसुरक्षा विधेयक पास केलं, कडव्या डाव्या संघटनांच्या नावानं.

हे सगळं सरकारचं झालं. माझी तक्रार दुसरी आहे.

सिनेमा विकल्या गेलेल्या पुढाऱ्यांना झणझणीत उघडं पाडतो. आपण टाळ्या पिटतो. पण पुढाऱ्याला शिव्या घालणं सोपं. वस्तीतल्या साध्या कमिटीत काय चालतं, ते कॅमेऱ्याला पुरतं दिसलेलं नाही. मागल्या जयंतीला माझी कविता कार्यक्रमातून कापली. कंपन्यांतल्या कंत्राटी पोरांवर होती. एक काका म्हणाले, “बाळा, हे नक्षल्यासारखं वाटतंय. उगाच पोलीस येतील.” पोलीस आलेच नव्हते. काकाच आले. रात्री डीजे मात्र दणकून वाजला. पोरं अंगातलं सगळं त्यात ओतून दमली आणि झोपली. डीजेला कोण कशाला भिईल?

हा शब्द आपण आपल्याच माणसावर पहिल्यांदा फेकत नाही. १९७४ मध्ये पँथर फुटली, तेव्हा नामदेव ढसाळांच्या अंगावर कम्युनिस्ट हाच शब्द आला होता. आणि आपल्या महाडचं बघा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक परतले, तेवढ्यात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. अफवेवर डोकी फुटली. आधी भीती तयार करायची, मग माणसं झोडायची. ही रीत तेव्हापासूनची. त्या परिषदेसाठी राबलेले रा. बा. मोरे पुढं कम्युनिस्ट झाले. २० मार्चला तळ्यावर येणाऱ्या किती पोरांना मोरे माहीत आहेत? महाडपासून पोलादपूरपर्यंत विचारून बघा.

कुणी म्हणेल, बंदुकीच्या वाटेला लागलेली पोरंही असतात. असतात. ती वाट आपली नाही. पण बाबासाहेबांनी काय केलं? १९५६ साली काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स समोरासमोर मांडले. हिंसा नाकारली, पिळवणुकीचा प्रश्न नाकारला नाही. त्यांनी वाद घातला. आपण नाव कापतो. नाव कापलेलं पोरगं जातं कुठं? एक तर डीजेपुढं, नाही तर अशा कुणाकडं, जो त्याचं ऐकून घेतो. तो कोण असेल हे मग आपल्या हातात राहत नाही.

घोगरेंनाही त्यांच्या डाव्या मित्रांनी बाहेर काढलं होतं. सिनेमा हे सांगतो, आणि तिथं माझ्या पोटात कालवतं. एका माणसाला किती दारं बंद व्हावीत?

सिनेमा जरूर बघा, कमिटीतल्या म्हाताऱ्यांना घेऊन बघा. संपल्यावर दिवा लावा आणि वस्तीतल्या एखाद्या पोराला त्याची कविता वाचायला सांगा. पटली नाही तर तोंडावर भांडा. पण वाचू द्या.