चेंडू सोडायला कोण शिकवणार?

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं की बुलढाणा जिल्ह्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांना ऊत येतो. चिखली, मेहकर, नांदुरा, कुठंही जा. पोट्टे असे षटकार हाणतात की बघत राहावं. हाताला वेग आहे, नजर आहे. उणीव आहे ती एका गोष्टीची, चेंडू सोडून देण्याची. विदर्भाच्या फलंदाजीला आलेला बहर पाहताना ती मला फार बोचते.

हा बहर खरा आहे. 2024-25 च्या रणजी अंतिम सामन्यात नागपूरला केरळविरुद्ध 3 बाद 24 अशी अवस्था असताना दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी 215 धावा जोडल्या. मालेवारच्या 153. दुसऱ्या डावात 2 बाद 7 असताना पुन्हा हीच जोडी उभी राहिली, 182 धावांसाठी, आणि विदर्भानं तिसऱ्यांदा करंडक जिंकला. पदार्पणाच्या हंगामातच एकविशीच्या पोरानं हे करावं! यश राठोडनं त्या हंगामात 960 धावा काढल्या, देशात सर्वाधिक. उपांत्य सामन्यात मुंबईविरुद्ध दुसऱ्या डावात 151. पुढं 2025 च्या दुलीप करंडकात मालेवारनं 203 आणि अंतिम सामन्यात राठोडनं 194 केल्या.

यांचं पुढं काय? इथं मला काळजी वाटते. फैज फजल 2016 मध्ये हरारेला एकच एकदिवसीय सामना खेळला, नाबाद 55 केल्या आणि पुन्हा कधी भारताकडून खेळला नाही. विदर्भाला पहिला रणजी करंडक मिळवून देणारा हा कर्णधार. करुण नायरनं कसोटीत त्रिशतक केलेलं, विदर्भाकडून धावांची रास रचून तो 2025 मध्ये इंग्लंडला गेला आणि चार कसोटींनंतर संघाबाहेर झाला. अमरावतीचा जितेश शर्मा भारतीय संघात पोचला तो वीस षटकांच्या क्रिकेटमधून. आयपीएलमध्ये लखनौला 33 चेंडूंत नाबाद 85 करणारा हा माणूस त्या वाटेचा मानकरीच आहे. पण दिवसभर खेळणाऱ्याला ती वाट उपयोगाची नाही. राठोड डावखुरा आहे, मधल्या फळीत संकटात खेळून तयार झाला आहे. माझ्या मते कसोटीसाठी आज विदर्भातला सर्वांत तयार फलंदाज तोच, आणि त्याला थांबवून ठेवणं हे आपलंच नुकसान. मालेवारकडे वय आहे, त्याला घाई नको.

बुलढाण्याला जवळचा दाखला अकोल्याच्या अथर्व तायडेचा. 2017-18 च्या 19 वर्षांखालील कूचबिहार करंडकात मध्य प्रदेशविरुद्ध अंतिम सामन्यात त्यानं 320 धावा केल्या होत्या. एवढा वेळ खेळपट्टीवर उभं राहायचं तर शेकडो चेंडू सोडावे, अडवावे लागतात. टेनिस बॉल हे शिकवत नाही. तो उसळून बॅटवर येतो, पुढचा पाय बाजूला घेऊन मिडविकेटकडे फिरवला की काम होतं. लेदर बॉल टप्पा पडल्यावर वळतो, बाहेर निघतो. तिथं शेवटपर्यंत थांबून हलक्या हातांनी खेळावं लागतं. ही सवय बाराव्या-तेराव्या वर्षी लागते, विसाव्या वर्षी लावायची म्हटली तर आधीची मोडण्यातच वर्षं जातात.

त्या वयात ही सवय लावायची तर लेदर बॉलची खेळपट्टी जवळ हवी. काळी माती आपल्या वावरात आहे, आणि खेळपट्टीलाही ती चालते. पण तिला रोज पाणी हवं, रोलर हवा, राखणारा माणूस हवा. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच ओढ असते, तिथं मैदानासाठी पाणी मागायचं कोणत्या तोंडानं? म्हणून तेरा तालुक्यांत तेरा खेळपट्ट्या मी मागत नाही. खामगाव किंवा शेगावला एक चांगली टर्फ खेळपट्टी आणि तिच्यावर बारा महिने राबणारा एक प्रशिक्षक, एवढंच. मलकापूर, नांदुरा, शेगाव रेल्वेमार्गावरच आहेत. आज ज्या पोराला लेदर बॉल खेळायचाय, तो याच मार्गानं किट घेऊन अकोल्याला जातो, शाळा बुडवून.