हेवी मेटलचा वाद : उगम, लक्षण आणि मोल

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचा आणि हेवी मेटलचा संबंध काय? संबंध आहे, तो वादाचा. या संगीताचे रसिक पन्नासहून अधिक वर्षं तीन प्रश्नांवर हिरिरीने भांडत आले आहेत. हे सुरू कुठे झालं? मेटल कशाला म्हणायचं? आणि त्यातलं चांगलं कोणतं? बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटतो. आम्हाला तसं वाटत नाही. अडचण एवढीच की हे तीन प्रश्न तीन वेगळ्या जातीचे आहेत आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं जातं.

आधी उगम घेऊ. एक पक्ष म्हणतो, १९६४ सालचं किंक्सचं खरखरीत गिटार हीच सुरुवात. दुसरा १९६८च्या ब्लू चीअरकडे बोट दाखवतो. तिसरा लेड झेपलिन आणि डीप पर्पलची नावं घेतो. चौथा म्हणतो, १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार, ब्लॅक सॅबथची पहिली रेकॉर्ड, वाद संपला. आता बघा, यात 'सुरुवात' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातोय. एखादा गुण पहिल्यांदा कुठे दिसला, हा एक अर्थ. तो गुण केंद्रस्थानी येऊन त्याच्याभोवती परंपरा कधी उभी राहिली, हा दुसरा. पहिल्या अर्थाने मागे मागे जात राहिलात, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांपर्यंत पोहोचाल, आणि ते ऋण विसरता कामा नये. दुसऱ्या अर्थाने मात्र बर्मिंगहॅमचा दावा भक्कम आहे. तिथे गिटारचा एक छोटा, जड, पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, ज्याला रिफ म्हणतात, तोच गाण्याचा कणा झाला. नंतरच्यांनी उचललं ते हेच.

बर्मिंगहॅमची एक कथा सगळे चाहते सांगतात. टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवला आणि त्यातून मेटलचा जड आवाज जन्मला, असं म्हणतात. कथा खरी आहे, पण निष्कर्ष तपासायला हवा. सूर खाली उतरवलेली गाणी येतात १९७१च्या तिसऱ्या रेकॉर्डवर. पहिली रेकॉर्ड नेहमीच्याच सुरात लावलेली आहे आणि तरीही जड आहे. कारण कार्याच्या नंतर येऊ शकत नाही, हे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. अपघाताने आयोमीची वादनशैली घडवली यात शंका नाही. पण अपघात म्हणजेच मेटलचा उगम, हे म्हणणं फार झालं.

तीच गोष्ट 'सैतानी स्वरा'ची. सॅबथच्या नावाच्याच गाण्यात तीन स्वर आहेत : षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. या अंतराला युरोपात सैतानाचं नाव पडलं हे खरं. पण मध्ययुगीन चर्चने ते वाजवायला बंदी घातली होती, या लोकप्रिय समजुतीला पुरावा नाही. आणि आपल्याला तर हे सहज कळावं. यमनमध्ये षड्जाच्या तंबोऱ्यावर तीव्र मध्यम लागतो तेव्हा आपण घाबरतो का? उलट, संध्याकाळ उजळते. म्हणजे भय त्या स्वरांतरात नाही. ते येतं संथ लयीतून, गिटारच्या खरखरीतून, पावसाच्या आणि घंटेच्या आवाजातून, आणि त्या स्वराला जिथे नेऊन सोडलंय तिथून. स्वराचा अर्थ त्याच्या वापरात असतो.

आता दुसरा प्रश्न, लक्षणाचा. आपल्या नैयायिकांनी लक्षणाचे दोष सांगून ठेवलेत. त्यातले दोन इथे पुरेत. 'वेगवान ते मेटल' म्हणालात तर अव्याप्ती. १९८६ याच एका वर्षात स्लेयरची दहा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात, आणि स्वीडनच्या कँडलमासची डूम मेटलची रेकॉर्ड पाय ओढत चालते. दोन्ही निःसंशय मेटल. 'खरखरीत गिटार ते मेटल' म्हणालात तर अतिव्याप्ती; पंकही आत येतं. मग विट्गेनश्टाइनचा मार्ग उरतो : कुटुंबातल्या माणसांत जसं कुणाचं नाक जुळतं, कुणाची चाल, तसं साम्य. थ्रॅश, डेथ, डूम, ब्लॅक ही त्या कुटुंबातली भावंडं.

मग उपप्रकारांचा काथ्याकूट निरर्थक का? नाही. १९८९ साली ग्रॅमीत हार्ड रॉक आणि मेटल यांचं एकत्र पारितोषिक प्रथमच दिलं गेलं आणि ते मेटॅलिकाला डावलून जेथ्रो टलला मिळालं. चाहते खवळले. पुढच्याच वर्षी हार्ड रॉक आणि मेटल वेगळे केले गेले. ज्याला आपण शब्दच्छल म्हणतो, त्यावर कुणाला कुणाच्या शेजारी बसवून तोलायचं हे ठरतं.

पण इथेच धोका आहे. वर्णन करणारा शब्द हळूच निवाडा करू लागतो. 'ब्लॅक मेटल' हे नाव आलं इंग्लंडच्या व्हेनमच्या १९८२च्या रेकॉर्डवरून. आजचे कडवे रसिक व्हेनमलाच त्या प्रकारात धरायला कचरतात! नॉर्वेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'अस्सल' हा शब्द शस्त्रासारखा फिरू लागला. जून १९९२मध्ये बर्गनजवळचं फांटॉफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं. १९९३मध्ये एका वादकाने दुसऱ्याचा खून केला. हे सगळं एका विशेषणामुळे घडलं असं कोणी म्हणणार नाही. पण शुद्धतेची भाषा एकदा रुळली की संगीत बाजूला राहतं आणि माणसं तपासली जातात. जूडस प्रीस्टच्या रॉब हॅलफर्डने १९९८मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. या संगीताला कातडं आणि खिळ्यांचा वेष देणारा तोच. मर्दानगी हे ज्यांनी मेटलचं लक्षण मानलं होतं, त्यांचं लक्षण त्या दिवशी कोसळलं. संगीताला काही झालं नाही.

राहिला मोलाचा प्रश्न. १९७०मध्ये बऱ्याच समीक्षकांनी सॅबथला झिडकारलं, कारण त्यांच्या हातात ब्लूज-रॉकची फूटपट्टी होती : सुधारित वादन किती खुललं, गाणं किती लवचीक. त्या पट्टीवर सॅबथ कमीच भरणार. पण म्हणून 'ज्याची त्याची आवड' म्हणून सुटताही येत नाही. प्रत्येक प्रकार स्वतःसमोर एक काम ठेवतो. डूमने वजन पेलायचं, थ्रॅशने वेगातही स्पष्ट राहायचं. ते काम झालं का, हे ऐकून ठरवता येतं. त्यानंतरचा प्रश्न अधिक कठीण : ते काम करण्याजोगं होतं का? आमच्या मते सॅबथचं होतं. युद्ध, कारखाना, भीती यांच्याविषयी कामगार वस्तीतली चार मुलं बोलत होती आणि त्यांचा आवाज गोड असून चालणार नव्हता. ५ जुलै २०२५ रोजी तेच चौघे त्याच अ‍ॅस्टन भागातल्या व्हिला पार्कवर शेवटचे एकत्र वाजले, आणि सतरा दिवसांनी ऑझी ऑस्बर्न गेला. त्या दिवशी मंचावर मेटॅलिकाही होती, स्लेयरही. कोण अस्सल, हा वाद तिथे कुणाला घालावासा वाटला नसावा.

वाद घालूच नये, असं मात्र आम्ही म्हणत नाही. जे संगीत कुणाला भांडावंसं वाटत नाही, ते बहुधा कुणी नीट ऐकतही नसतं. फक्त आपण उगमाविषयी बोलतोय, लक्षणाविषयी की मोलाविषयी, हे आधी सांगावं. आणि समोरच्याने ऐकलेलं आपणही एकदा ऐकावं. इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.