मोठ्या कादंबऱ्या अर्ध्यावर कां सुटतात?

लांबलचक कादंबरी हातून अर्धवट सुटली म्हणजे वाचक ठपका ठेवतो तो ग्रंथकाराच्या पाल्हाळावर, नाहीं तर स्वतःच्या आळसावर. आमच्या मतें खरें कारण पुष्कळदां निराळेंच असतें. जॉर्ज इलियट या पुरुषी टोपणनांवानें लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेची 'मिडलमार्च' घ्या. ही कादंबरी शिकवितांना आम्हीं असें पाहिलें आहे कीं, विद्यार्थी थकतात ते शेवटाकडे नव्हे, तर पहिल्या शंभर-सवाशें पानांतच, आणि तेंही बहुधा एकाच ठिकाणीं.

आरंभीं डोरोथिया ही उदात्त वृत्तीची तरुणी कसॉबन नांवाच्या शुष्क पंडिताशीं लग्न करते. ती फसणार हें वाचकाला तिच्या आधीं कळतें आणि तो तिच्या काळजींत पडतो. नेमक्या अशा वेळीं लेखिका तिला खुशाल रोमला पाठवून देते, आणि लिडगेट नांवाचा कोणी नवा डॉक्टर, व्हिन्सी कुटुंब व एका कंजूष म्हाताऱ्याचें मृत्युपत्र यांचें आख्यान लावते. वाचक चिडतो. या मंडळींशीं त्याला काय कर्तव्य? त्याच्या चिडण्याला आधारही आहे. मुळांत या दोन कथा लेखिकेनें वेगवेगळ्या आरंभिल्या होत्या व मागाहून एकत्र जोडल्या. सांधा दिसतो, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं.

तेथें पुस्तक मिटणारा वाचक मात्र एका प्रसंगाला मुकतो. लिडगेट पुढें कर्जांत बुडतो, रूपवती पण हट्टी बायकोपुढें एकेक पाऊल मागें घेतो, आणि अखेर लांच घेतल्याच्या संशयानें साऱ्या गांवाच्या मनांतून उतरतो. त्या वेळीं त्याच्यावर बेधडक विश्वास टाकते ती डोरोथियाच. सारांश वाचून एवढें समजतें. परंतु शेंकडों पानें लिडगेटची उतरती कळा पाहिल्यावांचून तिच्या त्या विश्वासाचें मोल कळत नाहीं. परीक्षेपुरत्या टिपणांवर भिस्त ठेवणारांस हें कसें पटवावें, कोण जाणे!

ही कादंबरी डिसेंबर १८७१ पासून वर्षभरांत आठ भागांनीं निघाली. प्रथम तर दोन दोन महिन्यांच्या अंतरानें. त्या अवकाशांत डोरोथियाची काळजी वाहण्यास सवड मिळे आणि लिडगेटही शेजाऱ्यासारखा ओळखीचा होई. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही 'करमणूक' साप्ताहिकांतून अशीच हप्त्याहप्त्यानें आली. यमूच्या सासरमाहेरच्या बारीकसारीक तपशिलाचा त्या वाचकांस भार वाटला नसावा. आज तेच आठ भाग एका जाडजूड बांधणींत आपल्यापुढें येतात, आणि आपण ते मे महिन्याच्या सुटींत उरकूं पाहतों.

लिडगेट नकोसा वाटेल त्यानें पुस्तक महिनाभर खुशाल फळीवर ठेवावें. कसॉबनच्या टिपणवह्यांचें पुढें काय झालें, ही हुरहूर तेवढ्या अवधींत उरली नाहीं, तर तें कायमचें सोडून देण्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं.