तांबडी चामडी आणि आम्ही

आमच्या बँकेत संगीताची आवड म्हणजे डिसेंबरात सवाई गंधर्वसाठी रजा टाकणे. मी मात्र चाळिशी उलटल्यावर ‘तांबडी चामडी’च्या नादी लागलो. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे हे २०२४ सालचे मराठी हाऊस गाणे.

“अहो, पण अर्थ काय त्याचा?” सौभाग्यवतींचा सवाल. आता ‘धा धिं धिं धा’चा अर्थ कुणी विचारतो का? म, ब, ड ही अक्षरे जिभेवर आपटून बघा. शब्द कसले, ढोलकीचे बोल आहेत ते! खाली हाऊसचे चार ठोके, चारही एकाच वजनाचे. सम शोधायला नको. भोसरीतल्या वर्कशॉपात प्रेस मशीन असाच चालतो. हाऊसचा चुलतभाऊ टेक्नो १९८०च्या दशकात डेट्रॉइटला जन्मला, तेही मोटारींचेच गाव. मग आमच्या पिंपरीने काय नुसते सुटे भागच पुरवायचे?

दोषही सांगतो. पहिल्या मिनिटात दिलेलेच गाणे पुढे पुन्हा देते. मुदत ठेवीचे नूतनीकरण, व्याज नाही.

परवा मेथी निवडताना सौभाग्यवतींच्या पायाचा अंगठा ठेक्यात हलताना दिसला. मी बोललो नाही. बोललो असतो तर थांबला असता.