पांढऱ्या पानाचा भाव

मंडळी, पट्टेरी सक्युलंट जमवण्याच्या नव्या हौसेवर बोलायचंय, तर आधी कबुली देतो. आमच्याही खिडकीत अशी आठ डबडी आहेत. म्हणजे ही टीका घरच्यांवरच समजा.

पान पांढरं किंवा पिवळं दिसतं, कारण तेवढ्या पेशींत हरितद्रव्य नसतं. तो भाग अन्न तयार करत नाही, शेजारच्या हिरव्याच्या जिवावर जगतो. अर्धनारीनटेश्वराच्या गावात, दोन अर्ध्यांचा मिळून एक देह होतो, हे काय समजावून सांगायचं! पण बाजार पांढरं अर्धंच मोजतो. पांढरं जितकं जास्त तितका भाव चढा, आणि झाड तितकं अशक्त. सोलापूरच्या मे महिन्यात पहिल्यांदा भाजतो तो हाच भाग. अगदी पांढरं पिल्लू आईपासून तोडलं, तर ते स्वतःच्या बळावर जगत नाही.

नर्सरीत हिरव्या दांड्यावर लाल गोळा बसवलेला असतो ना, तो मून कॅक्टस. त्या गोळ्यात हरितद्रव्य नाही, म्हणून खाली खुंट लागतो आणि तो बहुतेकदा ड्रॅगन फ्रूटच्या भावकीतला असतो. सांगोल्याकडे शेतकरी ही वेल खांबावर चढवून फळ घेतो. इथे तिचा शेंडा उडवून वर दुसऱ्याचं डोकं बसवतात! खुंट आणि गोळा यांची चाल जमत नाही, काही वर्षांत कलम संपतं. विकताना हे कोण सांगतो?

हौस जुनीच आहे. जपानात १८२९ साली पट्टेरी झाडांचा सचित्र ग्रंथ निघाला होता. आजही तिथे अशा झाडांच्या नावात ‘निशिकी’ येतं, म्हणजे जरीचं कापड. आपल्याकडे मात्र नवं नाव आलं की जुनं डबडं मागच्या ओळीत.

आम्हाला खरं बोचतं ते वेगळंच. शिंदळ माकुडी, शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, हे मांसल खोडाचं झाड रानात सापडतं ते फक्त महाराष्ट्रात. नाव मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून. किरमिजी फुलावर पिवळे चट्टे, तेही जन्मजात! आणि आमच्या आठ डबड्यांच्या याद्या तोंडपाठ असणाऱ्यांना हे नाव ठाऊक नसतं. अर्थात ऐकलं म्हणून कड्यावर चढून उपटून आणू नका, आधीच ते दुर्मीळ आहे. वनस्पतिशास्त्राच्या बागेत छाटावर वाढवलेलं मिळालं तर तिथेच बघा, फूल पावसाळ्यात येतं.

आमच्या आठांतलं एक गेल्या वर्षी पट्टे सोडून सगळं हिरवं झालं. विकणाऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "आता याला गिऱ्हाईक नाही." चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला मोठी कुंडी लागली.